सातसमोरची खुर्ची

"सर, काल तुमची खुर्ची कुठं होती?"

काशिनाथने हे विचारलं तेव्हा आठ नंबरचं कार्ड माझ्या हातात होतं आणि ते लावावं की नाही हे मला ठरवता येत नव्हतं. जागा माहीत होती. दाराच्या वरच्या गजाला तारेची आकडी आहे, तिच्यात अडकवायचं. पण आठचं दार सताड उघडं होतं, आतली फरशी ओली होती आणि कोपऱ्यातलं गोणपाट उचललेलं होतं. रिकाम्या पिंजऱ्याला कुत्र्याचं नाव लावायचं का, असल्या प्रश्नांवर मी फार वेळ घालवतो. आयुष्यभर घालवत आलो. एक ते सात कार्डं लावून झाली होती. पावसाळ्यात या सड्यावर, उघड्या माळावरच्या आमच्या प्राणी-केंद्रात, हवा इतकी ओली असते की कार्डावरची शाई फुटते. म्हणून महिन्यातून एकदा सगळी कार्डं पिशवीत घालून मी पेडण्याला घरी नेतो, काळ्या शाईने नव्याने लिहितो, प्लास्टिकमध्ये घालतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आणून लावतो. माझं अक्षर चांगलं आहे. माझ्यात चांगलं म्हणावं असं तेवढंच आहे, आणि आठचं कार्ड तर मी जरा जास्तच मन लावून लिहिलं होतं. तांडेल. नर. तपकिरी. मागचा उजवा पाय. केरी, फेरीच्या धक्क्याजवळ. मालकीण: सुमंगला.

"आठकडे," मी म्हणालो. "सातच्या पुढ्यात वरून गळत होतं. पुस्तक भिजायला लागलं, म्हणून जरा सरकवली."

"जरा म्हंजे किती?"

मी हात पसरून दाखवलं. दीड हात. कापड मोजणाऱ्या माणसासारखे माझे हात तसेच पसरलेले राहिले, कारण काशिनाथ माझ्याकडे बघत नव्हता. तो सातकडे बघत होता. त्याच्या हातातली बादली त्याने अगदी सावकाश खाली ठेवली, थेंबभरही सांडू न देता, आणि मग तो तिथेच ओल्या फरशीवर बसला. पन्नाशीचा, खानापूरकडचा दणकट माणूस. चावऱ्या कुत्र्याच्या तोंडात हात घालून अडकलेलं हाड काढताना मी त्याला पाहिलं आहे.

"सात हितंच हाय की ओ सर," तो म्हणाला. "सात अजून हितंच हाय."

सात तिथेच होता. त्यात नवल काय हे मला समजेना. आत्ताच तर मी त्याचं कार्ड लावलं होतं. त्यावर नाव नाही, नुसतं 'पिवळा, वयस्क, मोपाचा रस्ता' असं लिहिलेलं. मूत्रपिंडं गेलेला, तोंडाला उग्र वास येणारा म्हातारा कुत्रा, पायाला सलाइनची सुई, डोळे अर्धे मिटलेले. बाहेर विमानतळावरून एक विमान उठलं आणि पत्रे थरथरले, तरी त्याने कान हलवला नाही. मी पुन्हा काशिनाथकडे पाहिलं आणि मग मला कळलं. कळलं म्हणजे डोक्याला नव्हे. पायांना आधी कळलं. चपलांच्या तळातून फरशीचं पाणी वर चढत होतं आणि ते गार पाणी कुठून कुठे चाललंय हे मला एकाएकी समजलं. ही फरशी आठची होती. ती कुणीतरी काल संध्याकाळी धुतली होती.

खुर्ची जिथे, तो जायचा. काशिनाथने पुढे जे सांगितलं ते तुटक तुटक, माझ्याकडे न बघता सांगितलं, आणि त्याचं सार एवढंच होतं. दुपारी तीन वाजता डॉक्टरबाई स्वतःच्या हाताने खुर्ची एखाद्या पिंजऱ्यापुढे ठेवायची. मी यायचो, बसायचो, वाचायचो. पाचच्या बसला मी निघून गेलो की ती तबक घेऊन यायची आणि शेवटची सुई द्यायची. तोंडाने कुणी काही बोलायचं नाही. चिठ्ठी नाही, खूण नाही. नवीन माणूस कामाला आला की त्याला पहिल्याच आठवड्यात कळायचं. काल बुधवारी डॉक्टरबाई सकाळीच सातपुढे खुर्ची ठेवून पणजीला बैठकीला गेली. काशिनाथ दुपारनंतर रजेवर, मुलीला बेळगावच्या गाडीत बसवायला गेलेला. दुसऱ्या केंद्रातून एक बदली डॉक्टर आला. त्याने काशिनाथला फोन करून विचारलं, कुठला? पिंजऱ्यांना कार्डं नव्हती. ती माझ्या पिशवीत होती. "मी म्हटलं त्याला, डॉक्टर, खुर्ची असंल तिथं बघा. शांत पडलेला असंल." आणि तांडेल शांत पडलेला होता. परवाच पाय पुन्हा बसवलेला, प्लास्टर, गुंगीचं औषध. शिवाय मी दोन तास त्याच्यापुढे बसून वाचत होतो.

दहा महिने. मी मनात मोजायला लागलो आणि थांबलो, कारण मोजता येत होतं. डिचोलीच्या शाळेत मी तेहेतीस वर्षं ग्रंथपाल होतो. कोणतं पुस्तक कुणाकडे गेलं आणि परत आलं की नाही हे माझ्या डोक्यात राहतं, मला नको असलं तरी. ती काळी कुत्री, जिच्या गळ्यात दोरी रुतली होती. ते कान नसलेलं. तो उंच, सुरेख, आंधळा, जो माझा आवाज ऐकताच भिंतीकडून तोंड फिरवायचा. मी विचारायचो, "तो कुठे गेला?" आणि कुणीतरी म्हणायचं, "व्हेलो, सर." नेला. मला वाटायचं, कुणीतरी पाळायला नेला. मी मनात चित्रंही रंगवायचो. आंधळ्याला आगशीच्या कुणा म्हातारीने नेलं असेल, तिच्या बाल्कांवाच्या, पुढच्या ओसरीच्या, सावलीत तो पडलेला असेल. घरी सुनेला सांगायचो, आज अजून एकाला घर मिळालं. ती म्हणायची, "वा बाबा, तुमचा पायगुण." मला ते आवडायचं. मी इतका मूर्ख आहे का? की नव्हतोच? हा प्रश्न त्या ओल्या फरशीवर उभा असताना मला पहिल्यांदा चावला. कारण एक गोष्ट मला माहीत होती, आणि मी ती बाजूला ठेवून दिली होती. ज्याच्यापुढे मी वाचलं, त्याच्यापुढे मी पुन्हा कधी वाचलं नव्हतं. दहा महिन्यांत एकदाही नाही. ज्याने उभं आयुष्य परत आलेली पुस्तकं कपाटात लावली त्या माणसाच्या हे लक्षात येऊ नये?

सुविधा साडेनऊला आली. ही डॉक्टरबाई माझीच विद्यार्थिनी. आठवीत असताना मधल्या सुट्टीत ग्रंथालयात येऊन प्राण्यांची चित्रांची पुस्तकं मांडीवर घेऊन बसायची, आणि आम्ही तेव्हापासून शाळेच्याच मराठीत बोलतो. तिनेच मला इथे आणलं. बायको गेल्यावर मी आमोण्याचं घर बंद करून मुलाकडे पेडण्याला आलो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत दिवसभर बसून राहायला लागलो. अशी सात वर्षं गेल्यावर, दहा महिन्यांपूर्वी, ती एकदा भेटायला आली आणि म्हणाली, "सर, नुसतं येऊन वाचा. मोठ्याने. घाबरलेल्या जनावरांना माणसाचा आवाज हवा असतो." मला वाटलं, ती माझी समजूत घालतेय. तरी आलो. काय वाचायचं कळेना म्हणून शाळेने रद्दीत काढलेलं माडांच्या लागवडीवरचं एक जुनं पुस्तक उचललं. त्यातली वाक्यं संथ आहेत. खड्डा किती खोल घ्यावा, रोप कधी लावावं, पाणी किती दिवसांनी द्यावं. कुणी धावत नाही, कुणी मरत नाही.

काशिनाथने तिला दारातच गाठलं. ती आली ती थेट आठपाशी. उघड्या दाराला हात लावून उभी राहिली, मग सातकडे वळली, मग खाली खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची कालच्या जागीच होती, पाय तारेने बांधलेली लाल खुर्ची. तिचा चेहरा मला आठवीतल्या मुलीचा दिसला.

"सर, मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

"का नाही सांगितलंस?"

"पहिल्या महिन्यात ते मांजराचं पिल्लू गेलं, आठवतंय? तुम्ही आठ दिवस आला नाहीत. तुमच्या निहारने मला फोन केला, बाबा जेवत नाहीत म्हणून." तिने खुर्चीकडे बोट केलं. "आणि तुम्ही बसलात ना, की ती शांत व्हायची. आधी दोघांनी धरायला लागायचं. ओरडायची. सगळ्या पिंजऱ्यांतली मग रात्रभर ओरडायची. तुम्ही वाचून गेलात की नुसती पडून असायची. मला वाटलं, यात सगळ्यांचं भलं आहे. मी सांगितलं असतं तर तुमचा आवाज बदलला असता."

बदलला असता. काशिनाथ बादलीतल्या पाण्यात हात घालून बसला होता आणि हात बाहेर काढत नव्हता.

"सुमंगलाबाई शनिवारी येणार," सुविधा म्हणाली. "मी बोलते तिच्याशी. ताप चढला, झोपेत गेला म्हणून सांगते. सर, तुमचं नाव यात नको. चूक माझी आहे. सगळ्यांची आहे. कार्डं काढायला नको होती, खुर्चीवर भिस्त ठेवायला नको होती. पण तिला हे सांगून काय मिळणार?"

आणि मला, हे लिहिताना हात अडतो, मला बरं वाटलं. कुणीतरी बोलणार, मला बोलावं लागणार नाही. मग लगेच त्या बरं वाटण्याची किळस आली. ती म्हणाली, सातचं काम आज तिच्याने होणार नाही. शिवाय आता दुसऱ्या डॉक्टरची सही आल्याशिवाय सुई द्यायची नाही असं कालच्या पणजीच्या बैठकीत ठरलं आहे. शनिवारपर्यंत सलाइन चालू ठेवू. "शनिवारी तुम्ही बसाल?" तिने विचारलं. मी नाही म्हणालो. आठचं कार्ड खिशात घातलं आणि बसस्टॉपकडे चालू लागलो. सड्यावरच्या जांभ्या दगडावर पाणी साचलं होतं. त्यात आभाळ दिसत होतं आणि त्या आभाळातून एक विमान अगदी आवाज न करता गेलं. आवाज मागून आला.

सुमंगला. तिची माझी ओळख तीन शनिवारांची. केरीला तेरेखोलला जाणाऱ्या फेरीच्या धक्क्यावर तिचा चहाचा गाडा आहे. तांडेल त्या गाड्याखाली झोपतो, म्हणजे झोपायचा, आणि दिवसातून दोनदा फेरीत चढून पलीकडे जाऊन यायचा. होडीच्या नाखव्यासारखा पुढच्या टोकाला उभा राहायचा म्हणून त्याचं नाव तांडेल. भाड्याच्या स्कूटरने त्याला उडवलं. दर शनिवारी ती दोन बस बदलून यायची, पिशवीत पोदेराच्या भट्टीतला ताजा उंडो, कडक गोल पाव, असायचा, आणि तो ती गजांतून एकेक तुकडा करून त्याला भरवायची. मी शेजारच्या एखाद्या पिंजऱ्यापुढे वाचत असलो तर तिथूनच ऐकायची, तांडेलही कान टवकारायचा. मागच्या शनिवारी म्हणाली:

"कितें वाचतात सर, तांकां?"

"माडाचें."

"माडाचें? माझो सुणो केरीचो. माड कित्याक आसता तें ताका तुमचे परस चड म्हायत आसा. पाय वयर करूंक!" आणि ती मोठ्याने हसली. मी लाजलो, पण मीही हसलो. मला कुणी असं टोचून बोलून फार दिवस झाले होते. "जास्ती शिकोवं नाकात हां," ती म्हणाली. "शिकलो जाल्यार माझ्या गाड्यार बसून गिरायकांक इंग्लिश मारतलो. आनी चवथीक म्हाका तो घरा जाय. माटोळी बांदतना खालचीं फळां कोण चोरतलो, तो नासल्यार?"

चवथ, गणपतीवर फळांची माटोळी टांगायचा सण, नऊ दिवसांवर होती.

घरी येऊन मी गॅलरीत बसलो. सून कामावर गेलेली, घर रिकामं. खिशातलं कार्ड काढून मांडीवर ठेवलं. नवीन शाई, नवीन प्लास्टिक. मला माझी बायको अनुसया आठवली नाही असं मी म्हणणार होतो, पण ते खरं नाही. सकाळपासून ती तिथेच होती, काशिनाथच्या पलीकडे, ओल्या फरशीवर. सात आठवडे ती इस्पितळात होती. मला सांगितलेलं की पित्ताचे खडे आहेत, सूज उतरली की काढतील. मी रोज सकाळी आमोण्याहून बसने जायचो, तिच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसायचो आणि वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. पहिलं पान, मग मरणाच्या बातम्या सोडून बाकीचं, मग बाजारभाव, कारण तिला काजूचा भाव ऐकायला आवडायचा. ती मध्येच म्हणायची, "दमलात? पाणी प्या." सात आठवडे. ती वाचणार नाही हे निहारला माहीत होतं, तिच्या भावाला माहीत होतं, खालच्या कँटीनमधल्या माणसालासुद्धा बहुधा माहीत होतं, कारण तो मला चहा देताना फार हळू बोलायचा. तेराव्याला, पंगत उठल्यावर, निहार म्हणाला, "बाबा, तुम्हाला सोसलं नसतं. आईनेच सांगितलं होतं, त्यांना कळू देऊ नका."

मी तेव्हा काही बोललो नाही. मी कधीच काही बोलत नाही. पण आठ वर्षं मी एकाच गोष्टीचा राग धरून होतो, की माझ्यापासून माझी बायको चोरली गेली. ती मरत होती आणि मी तिला काजूचा भाव सांगत होतो. मला सांगितलं असतं तर मी दुसरं काही वाचलं असतं. किंवा वाचलं नसतं. हात धरला असता. काय केलं असतं ते मला माहीत नाही, आणि तो माहीत नसण्याचा हक्कसुद्धा माझा होता. त्या दुपारी गॅलरीत मात्र मला तिचे डोळे दिसले. मी पान उलटताना ती माझ्याकडे बघायची ते. तेव्हा वाटायचं, ती ऐकतेय. आता वाटलं, ती ऐकत नव्हती. ती माझ्याकडे लक्ष ठेवून होती. मी दचकू नये, माझा आवाज बदलू नये, म्हणून शांत पडून राहिली होती. त्या खोलीत स्टुलावर बसून वाचणारा मी होतो, पण शांत ठेवलेलाही मीच होतो. या विचाराने मी इतका हादरलो की उठून गॅलरीचं दार लावून घेतलं, जणू ती बाहेर होती.

शुक्रवारी मी गेलो नाही. एक वाक्य तयार करत बसलो. सुमंगलाला मी खरं सांगणार होतो. माझ्यापासून जे चोरलं गेलं ते मी तिच्यापासून चोरू देणार नव्हतो. वाक्य कोंकणीत हवं होतं आणि लहान हवं होतं, आणि मी ते कागदावर चार वेळा लिहिलं. हे सगळं मला फार ताठ, फार योग्य वाटत होतं. खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही वाटत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी कुणाला काही सांगणार होतो.

शनिवारी दहाला ती आली. मी पिंजऱ्यांच्या ओळीत उभा होतो. तिच्या हातात पिशवी होती, पण ती हसली नाही, आणि आठकडे बघितलंही नाही. सरळ माझ्यापाशी आली.

"म्हाका कळ्ळां, सर," ती म्हणाली. "डॉक्टरीणीचो फोन आयल्लो काल. ताप आयलो म्हण. न्हिदेंत गेलो म्हण." पिशवी तिने किंचित वर केली. "उंडे हाडल्यात. हेर सुण्यांक घालयात म्हणून. ताचो पट्टो आसा मरे? तो व्हरतां."

मी तिथेच थांबायला हवं होतं. पट्टा कचेरीत होता, चार पावलांवर. आणून दिला असता तर ती केरीच्या बसने गेली असती. पण वाक्य तयार होतं. तयार असलेलं वाक्य माझ्यासारख्या माणसाला आवरत नाही. इतकी कमी वाक्यं तयार होतात.

"सुमंगलाबाय, ताप नासलो," मी म्हणालो. "खुर्ची हांवें हालयली."

तिला समजलं नाही. मग मी सगळं सांगितलं. गळणारं पाणी, दीड हात, माझ्या पिशवीतली कार्डं, बदली डॉक्टर, फोन. खुर्चीचा अर्थ मला माहीत नव्हता हेही सांगितलं, आणि ते सांगताना माझा आवाज स्वतःची बाजू मांडणाऱ्या माणसाचा झाला हे मला ऐकू आलं. कचेरीच्या दारात सुविधा येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात कागद होता, दुसऱ्या डॉक्टरची सही आलेला. काशिनाथ नळ बंद करून थांबला. सुमंगला शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली:

"कित्याक सांगलें तुमी म्हाका हें?"

मी कचेरीच्या दाराकडे पाहिलं.

"काल सगळो दीस रडलें हांव. गाडो घालूंक ना. आज सकाळीं उठलें, च्या केली, म्हळें, न्हिदेंत गेलो, बरें मरण आयलें ताका. म्हळें, माणसाकय मेळना असलें. तें घेवन दोन बशी बदलून हांगा आयलें." तिचा आवाज चढला नाही, तेच भयंकर होतं. "आतां हें हांव खंय दवरूं, सर? सांगात. खंय दवरूं?"

खरं सांगायचं तर मला वाटलं होतं की ती रडेल, किंवा मला शिव्या देईल, आणि दोन्हींसाठी मी तयार होतो. दोन्हींतून मला काहीतरी मिळालं असतं. पण तिने विचारलं, हे कुठे ठेवू, आणि तिच्या रिकाम्या हाताची बोटं खरोखर उघडी होती, मी काहीतरी जड वस्तू दिल्यासारखी. मला दिसलं की मी माझं ओझं तिच्या हातात दिलं होतं आणि त्याला खरं असं नाव दिलं होतं. आठ वर्षं मी निहारला मनात जे विचारत होतो त्याचं उत्तर होऊन ती माझ्यापुढे उभी होती. की ते उत्तर नव्हतं? अनुसयाच्या मागे मी उरलो होतो आणि तांडेलच्या मागे ही, पण मी काही सुमंगला नव्हतो. मला कळेना. अजूनही कळत नाही. तिने ते उचलून मला परत दिलं असतं तर मी घेतलं असतं, पण अशी गोष्ट परत घेता येत नाही.

ती आठपुढे गेली. रिकाम्या पिंजऱ्याकडे आता पहिल्यांदा पाहिलं. गज धरून, पाठ माझ्याकडे.

"तुमी आसलेत ताचे कडेन?"

"पांच मेरेन."

"कितें करतालो?"

"आयकतालो. तोंड गजांतल्यान भायर काडून, हांगा." मी माझी चप्पल दाखवली. ती वळून बघत नव्हती तरी दाखवली.

"भियेल्लो?"

"ना."

"कितें वाचतालेत?"

"माडाचेंच."

तिच्या तोंडून एक आवाज आला. हसण्यासारखा सुरू झाला आणि मध्येच कशाला तरी अडकला. खांदे एकदा हलले. वर पाऊस धरला होता, पत्र्यांवर बारीक आवाज होता. सातच्या पुढ्यात तो थेंब पडत होता, कालपरवासारखाच, कुणी छप्पर दुरुस्त केलं नव्हतं. मी पिशवीतून पुस्तक काढलं. का काढलं ते माहीत नाही, हातांना काहीतरी हवं होतं. मला वाटतं, तिला वाचून दाखवावं असंही कुठेतरी मनात होतं, जिथे थांबलो होतो तिथून.

तिने पुस्तकाकडे पाहिलं.

"म्हाका नाका," ती म्हणाली. पिशवीतला एक उंडो काढून तिने आठच्या पिंजऱ्यात, धुतलेल्या फरशीवर ठेवला. अख्खा, तुकडे न करता. मग मान वळवून सातकडे बघितलं. तो कालपासून उठला नव्हता. पोट वरखाली होत होतं तेवढंच. "हो, न्ही? हाचें आसलें, न्ही, तें?"

"हय."

"ताका वाचात," ती म्हणाली आणि पट्टा न घेताच फाटकाकडे चालू लागली. काशिनाथ पट्टा घेऊन तिच्या मागे धावला. तिने तो घेतला की नाही ते मला दिसलं नाही.

सुविधा दारातच होती. खुर्चीला बुधवारपासून कुणी हात लावला नव्हता. आठसमोर ती तशीच उभी होती, तिच्या भोवतीची फरशी तेवढी धुतलेली, मधला चौकोन कोरडा धुळीचा. मी तिच्याजवळ गेलो. प्लास्टिकची हलकी खुर्ची, पण दोन्ही हातांनी उचलावी लागली. दीड हात. मी ती सातसमोर आणून ठेवली, जिथे सुविधाने बुधवारी ठेवली होती बरोबर तिथे, खुर्चीच्या पायांचे जुने ओरखडे फरशीवर अजून होते. बसलो. पुस्तक उघडलं. माझा आवाज बदलेल की काय असं वाटलं, म्हणून मी एकदा खाकरलो.

सातने डोळे उघडले. मला ओळखून, की खुर्चीला, की नुसत्या त्या खाकरण्याला, कोण जाणे, त्याने शेपटी हलवली. एकदा फरशीवर आपटली, थांबला, पुन्हा एकदा.

वरून थेंब पडला तो पानावर, मग दुसरा माझ्या मनगटावर. मी वाचायला सुरुवात केली. खुर्ची सरकवली नाही.